ज्याचा काप त्यानं

लॉजचा जिना उतरताना ताईनं पर्समधली पाण्याची बाटली पुन्हा एकदा चाचपली. बाटली कसली, बाटलीचं पिल्लूच ते! पण त्यातलं पाणी संध्याकाळपर्यंत पुरवायचं होतं. ज्याची मूत्रपिंडं थकली, त्याला तहानसुद्धा बेतानं लावून घ्यावी लागते. घोटभर जास्त झालं की ते अंगात साचतं आणि छातीवर येऊन बसतं. देवानं जगात एवढ्या नद्या सोडल्या, आणि या बाईच्या वाट्याला वाटीभर पाणी ठेवलं. पण ताई कुरकुर करणाऱ्यातली नव्हती. कुरकुरीला उसंत लागते, आणि तिची सगळी उसंत दुसऱ्यांची कामं उरकण्यात गेली होती.

तिच्या मागून छोटू उतरत होता. हा छोटू म्हणजे चाळिशी ओलांडलेला, दारातून वाकून शिरणारा, एका मुलीचा बाप असलेला गडी. पण घरातलं नाव गोंदणासारखं असतं, अंग वाढलं म्हणून ते पुसत नाही. आई गेली तेव्हा तो पाटी फोडण्याच्या वयाचा होता. तेव्हापासून त्याची पाटी, त्याचे डबे, त्याच्या नोकरीचे अर्ज, सगळं ताईनं पाहिलं. त्याच्या लग्नाच्या बोलणीत मुलीच्या वडलांनी विचारलं होतं, ‘मुलाला जेवणात काय आवडतं?’ तर उत्तर ताईनं दिलं, आणि आपल्याला काय आवडतं ते छोटूला तिथंच पहिल्यांदा कळलं, अशी थट्टा घरात अजून चालायची.

या परक्या शहरात दोघं आली होती ती मोठ्या इस्पितळासाठी. छोटूचं एक मूत्रपिंड काढून ताईला बसवायचं होतं. तिच्या नवऱ्याची साखर वाढलेली म्हणून तो बाद, मुलगा अजून अजाण. छोटूच्या मात्र सगळ्या तपासण्या जुळल्या होत्या, जणू देवानं एकाच ताग्यातून दोघांना फाडलेलं. आता उरली होती उद्या सकाळची एकच गोष्ट. इस्पितळातली चार माणसं समोर बसून छोटूला विचारणार होती, ‘हे तुम्ही स्वखुशीनं देताय ना?’ तो ‘हो’ म्हणाला की झालं. लगेच दाखल, लगेच शस्त्रक्रिया.

मधला हा दिवस रिकामा होता. लॉजच्या समोरच्या माडीवर पाटी होती, ‘एका दिवसात चामड्याचं पाकीट शिका. पूर्वी काही येत नसलं तरी चालेल.’

“चल, डोकं गुंतेल,” ताई म्हणाली.

“तू म्हणशील तसं,” छोटू म्हणाला.

माडीवर लांबट खोली होती. भिंतीवर हत्यारं टांगलेली, खिडकीखाली कातड्यांच्या गुंडाळ्या, आणि सगळीकडे तो वास: मेण, तेल आणि काहीतरी जुनं, जनावराचं. ताईला तो नकोसा झाला. शिकवणारी बाई पन्नाशीची, दंड हे एवढे, आणि तोंड त्याहून जड. तिला सगळे मास्तरीणबाई म्हणत. कापायच्या टेबलापलीकडे एक नवं लग्न झालेलं जोडपं आधीच येऊन भांडत होतं.

“मी म्हटलं होतं समुद्रावर जाऊ,” नवरी म्हणत होती.

“समुद्र काय, पळून जातोय का?”

“मीच जाईन पळून!”

“भांडा, भांडा,” मास्तरीणबाई म्हणाल्या. “फक्त हातात ही कातडं कापायची रापी असताना नको. मागच्या महिन्यात एक जोडपं आलं होतं. बोट शिवायला दवाखान्यात गेले, तिथून हातात हात घालून परतले. माझं पाकीट मात्र अर्धंच राहिलं.”

सगळे हसले. छोटूही हसला, पण ताईकडे बघून, ती हसते का याचा अंदाज घेऊन.

मग मास्तरीणबाईंनी प्रत्येकापुढे एक जाड, तांबूस तुकडा टाकला. “हे कापड नाही. कापडाला उसवता येतं, दुमडता येतं, ठिगळ लावता येतं. कातडं एकदा कापलं की कापलं. तेव्हा नियम एकच. पट्टी ठेवायची, रापी टेकवायची, श्वास घ्यायचा आणि एका दमात ओढायची. मध्ये थांबलात की काठाला पायरी पडते. ती पायरी पुन्हा कितीही तासा, जात नाही. भीती वाटत असेल तर खुशाल बसून राहा, चहा मागवते. पण एकदा टेकवली की मागं बघायचं नाही. आणि अजून एक, ज्याचा काप त्यानंच पुरा करायचा. या खोलीत कुणी कुणाचं कापत नाही.”

“का हो?” नवऱ्यानं विचारलं.

“दोन हातांचा जोर सारखा नसतो, म्हणून. दुसऱ्यानं पुरा केलेला काप मला लांबूनही दिसतो.”

ताईचा डावा हात जपायचा होता. मनगटाच्या वर शिरा जोडून फुगवलेल्या, आणि त्यावर बोट ठेवलं की आत भुंगा अडकल्यासारखी घरघर लागायची. रक्त शुद्ध करणाऱ्या मशीनच्या सुया तिथंच टोचत. तिनं पट्टी कोपरानं दाबली, उजव्या हातानं रापी टेकवली, मनात देवाचं नाव घेतलं आणि ओढली. कातडं चिरत गेल्याचा आवाज आला, कोरडा, लांब. काप सरळ आला.

“वा! बाईमाणूस बघा!” मास्तरीणबाई नवऱ्यावर डाफरल्या. “नाहीतर तुम्ही. उंदरानं कुरतडल्यासारखं.”

ताईनं कौतुकानं छोटूकडे पाहिलं, आता तूही कर अशा नजरेनं.

छोटूनं पट्टी ठेवली. उचलली. पुन्हा ठेवली. कपाळावर घाम आला होता. रापी टेकवली आणि ओढली, अर्ध्यापर्यंत. मग हात थांबला. कुणी मागून धरावा तसा थांबला. रापी कातड्यात रुतलेली, त्याची बोटं पांढरी पडलेली, आणि तो त्या चिरेकडे बघत होता. पुढं जाईना आणि बाहेरही काढेना.

“ओढा, दादा,” मास्तरीणबाई म्हणाल्या.

त्याला ऐकूच गेलं नाही.

आता ताईनं काय करावं? जे जन्मभर केलं तेच केलं. वाकली, त्याच्या बोटांतून रापी काढून घेतली आणि उरलेला काप सरकन पुरा केला.

“झालं,” ती म्हणाली. “एवढं काय त्यात.”

मास्तरीणबाईंनी तो तुकडा उचलला, उजेडात धरला, आणि खालच्या टोपलीत टाकला. टोपली असल्याच वाया गेलेल्या तुकड्यांनी भरली होती.

“मी काय सांगितलं होतं?”

“तो जरा घाबरतो हो हत्याराला. लहानपणापासून. त्याला यायचंच होतं इथं, पण...”

“दादा,” मास्तरीणबाईंनी तिच्यावरून नजर काढून छोटूकडे नेली, “तुम्हाला हे करायचं होतं का?”

“हो, करायचं होतं की त्याला,” ताई म्हणाली.

“मी त्यांना विचारलं.”

छोटूनं मान वर केली. आणि मास्तरीणबाईंकडे न बघता त्यानं ताईकडे पाहिलं. ती नजर ताईच्या ओळखीची होती. शाळेत गुरुजींनी उभं केलं की तो खिडकीबाहेर ताईला शोधायचा, ती नजर. काय सांगू? तू सांग, मग मी सांगतो.

एरवी तिला त्या नजरेचा लळा होता. आज मात्र तिनं त्या नजरेवरून डोळे काढून घेतले. कारण उद्या सकाळी, इस्पितळातल्या चार माणसांपुढे, तो अगदी असंच बघणार होता.

मास्तरीणबाईंनी त्याला दुसरा तुकडा दिला नाही. तो भिंतीला टेकून बसून राहिला. ताईनं आपलं पाकीट शिवायला घेतलं, पण दोरा सारखा सुटत होता. जोडप्याचं पाकीट झालं. वाकडंतिकडं, तरी ते दोघं त्याचं बारसं करायला निघाल्यासारखे नाचत गेले.

खाली रस्त्यावर चहाची टपरी होती. छोटूनं एक चहा घेतला. ताईनं त्याच्या पेल्यातला एक घोट तोंडात धरला, गिळायला जीव होईना. एवढासा घोट, पण तिला तो संपवायचा नव्हता.

मनाचं असं असतं. दार एकदा उघडलं की माणूस एकेक खोली बघतच जातो. ताईला आठवला तो दिवस, गावातल्या डॉक्टरांच्या खोलीतला. डॉक्टर म्हणाले होते, “मशीन किती दिवस? घरात कुणी देणारं आहे का?” आणि ताई लगेच बोलून गेली होती, “माझा भाऊ आहे की!” सगळ्यांच्या डोळ्यांत पाणी आलं होतं. नवऱ्यानं हात जोडले होते. आणि छोटू त्या वेळी त्या खोलीत नव्हताच. तो खाली स्कूटर लावत होता. वर आला तेव्हा ताईच्या नवऱ्यानं त्याला कडकडून मिठी मारली. छोटू म्हणाला होता, “काय झालं?”

एवढंच. ‘काय झालं?’ तेच त्याचं पहिलं आणि शेवटचं वाक्य. ‘देतोस का’ असं त्याला कुणी विचारलंच नाही. त्याची बायको त्या दिवसापासून ताईशी फार गोड बोलायची. फारच गोड. निघताना तिनं नवऱ्याची बॅग भरून दिली आणि दारात उभी राहिली, तर तिचा चेहरा धुतलेल्या फडक्यासारखा कोरा. ताईला तेव्हा वाटलं होतं, बाई मनानं खंबीर आहे.

“छोटू.”

“हं.”

“उद्या...” ताई थांबली. पुढचं वाक्य तिच्या घशात होतं: तुला नको असेल तर. सोपं वाक्य, पोरसुद्धा बोलेल. पण ते बोललं आणि तो ‘नको’ म्हणाला, तर? आठवड्यातून तीन दिवस मशीन. सुया. पायांवरची सूज. शेजारच्या खुर्चीवरचा माणूस एक दिवस यायचा बंद होतो आणि त्याच्या जागी नवा येतो, कुणी काही विचारत नाही. मुलगा अजून मोठा व्हायचाय. तिला जगायचं होतं. यात पाप काय? देवानंच तर जगायची ओढ लावून पाठवलं.

“उद्या काय?” छोटूनं विचारलं.

“उद्या लवकर उठायचंय.”

“तू म्हणशील तसं.”

हे तीन शब्द ती आयुष्यभर ऐकत आली होती. फुलासारखे वाटायचे. आज दगडासारखे लागले. आणि त्या दगडाखाली दुसराही हात सापडला. समजा ती म्हणाली, ‘छोट्या, नाही म्हण,’ तर तो नाही म्हणेल. तोही तिचाच शब्द. म्हणजे ती हो म्हणो की नाही म्हणो, बोलणार तीच. त्याचं असं काही त्याच्यापाशी तिनं शिल्लकच ठेवलं नव्हतं. प्रेमानं सगळं खरवडून घेतलं होतं, जसं भांड्याला लागलेलं आपण लेकराला भरवतो, आणि भांडं रिकामं.

लॉजवर परतल्यावर छोटूच्या लेकीचा फोन आला. तो गॅलरीत जाऊन बोलला. ताईला शब्द ऐकू आले नाहीत, पण त्याचा आवाज आला. मोकळा, भरभर बोलणारा, मध्येच लेकीला दटावणारा. हा आवाज तिनं कधी ऐकला नव्हता. या माणसाला बोलता येतं, तिच्या मनात आलं. फक्त माझ्यापुढं येत नाही.

दिवे लागायच्या सुमारास ती हात जोडून बसली. रोज ती देवाला काहीतरी सांगायची, याला बरं कर, त्याला नोकरी दे. आज तिला सांगायला काही सापडेना. नुसती बसली. मोठं होऊन देवापुढं गप्प बसणं किती अवघड असतं, ते बसल्यावरच कळतं.

सकाळी इस्पितळाच्या चौथ्या मजल्यावर एका बाईनं दार उघडून दोघांची नावं पुकारली. ताई उठली नाही.

“त्याला एकट्याला घ्या,” ती म्हणाली. “मी आत येणार नाही.”

“पेशंटनं आलं तरी चालतं. शेवटी सही...”

“नको.”

छोटू अर्धवट उठलेला तसाच राहिला. “ताई, तू पण चल ना.”

“नाही.”

“अगं, पण ते विचारतील.”

“विचारू देत.”

“मग मी काय सांगू?”

एवढा उंच माणूस, आणि आवाज पाटी फोडणाऱ्या पोराचा. ताईच्या ओठांवर उत्तर येऊन उभं राहिलं. ‘हो सांग’ एवढंच. तिचं सगळं अंग ते उत्तर मागत होतं, सुजलेले पाय, कोरडी जीभ, हातातला तो भुंगा. तिनं पर्सचा पट्टा मुठीत आवळला.

“मला विचारू नकोस,” ती म्हणाली. “आज नाही. आणि मी रागावणार नाही, असंही मी तुला सांगत नाही. मला माहीत नाही. तू जा.”

तो गेला. दार लागलं.

बराच वेळ गेला. आतून आवाज येत नव्हता. एकदा खुर्ची सरकल्याचं ऐकू आलं. ताईला वाटलं, तो रडत असेल. वाटलं, आत्ता उठावं, दार ढकलावं, म्हणावं, हो आहे त्याचं, कशाला छळताय? ती दोनदा उठली आणि दोनदा बसली. कुणी त्या बाकावर तिच्या धैर्याची आरती ओवाळायला नव्हतं, आणि तिला ते धैर्य वाटतही नव्हतं. तिला नुसती भीती वाटत होती.

छोटू बाहेर आला तो मान खाली घालून सरळ जिन्याकडे गेला. मागून एक डॉक्टर आले, तरुण, चष्मा पुसत.

“ताई, आम्ही सगळ्यांनी विचार केला. तुमच्या भावाचं मूत्रपिंड घेणं आम्हाला योग्य वाटत नाही. काही वैद्यकीय कारणं आहेत. तुम्ही मृत दात्यांसाठीच्या यादीत नाव...”

“काल तर सगळं जुळत होतं.”

“हो. पण आता नाही,” डॉक्टर म्हणाले आणि चष्मा पुसतच राहिले.

ताईनं मान हलवली. चांगली माणसं होती. भावंडांत दरी पडू नये म्हणून खोटं बोलत होती. हे खोटं कुणीही आयुष्यभर जपून ठेवलं असतं. काही बिघडलं नसतं.

दुपारी तिची मशीनची पाळी होती. त्याच इस्पितळाच्या तळमजल्यावर तिला जागा मिळाली. सुया टोचल्या, नळ्या लाल झाल्या, यंत्र फिरू लागलं. छोटू पायाशी स्टुलावर बसला होता. कितीतरी वेळ तो पांघरुणाची कड सारखी करत राहिला.

“डॉक्टर म्हणाले ना तुला? रिपोर्टचं.”

“म्हणाले.”

यंत्र घुमत होतं. ताई डोळे मिटून पडली. आता तो गप्प बसला असता तर ते खोटं दोघांत पक्कं झालं असतं.

“रिपोर्टचं काही नाही,” छोटू म्हणाला. “मी नाही म्हणालो.”

ताईनं डोळे उघडले नाहीत.

“मला भीती वाटते, ताई. रोज रात्री वाटते. पोरगी लहान आहे. त्यांनी विचारलं, तुम्हाला मनापासून द्यायचंय का, आणि मी म्हणालो, नाही. मग म्हणालो, माझ्या बहिणीला सांगू नका. पण मग जिन्यात वाटलं, हे तरी मीच सांगावं.”

खोटं कशाला बोला! त्या क्षणी ताईला त्याचा राग आला. असा राग की आयुष्यात कधी आला नव्हता. याला मी भरवलं. माझ्या ताटातलं काढून भरवलं. आणि याच्याकडे दोन आहेत. दोन! अंगात ताकद असती तर तिनं हात उगारला असता. तिनं त्याच्यावर सोडून दिलं होतं, हे खरं. पण सोडणाऱ्याला मनात कुठंतरी आशा असते की सोडलेलं आपणहून परत येईल. ती आशा मेल्यावर, आत्ता, तिला दिसली.

“बाहेर जा,” ती म्हणाली.

तो उठला.

“लांब जाऊ नकोस. पण बाहेर जा.”

काचेपलीकडे तो भिंतीला टेकून उभा राहिला. ताईनं तिकडे पाहिलं नाही. देवा, हा राग घेऊन जा, असं म्हणायचं तिच्या मनात आलं, पण म्हणवेना. राहू दे थोडा वेळ. एवढं तरी माझं असू दे.

मशीनची पाळी संपली तेव्हा नर्सनं सुया काढल्या आणि कापसाचे बोळे ठेवले. “सोबत कोण आहे? इथं दाबून धरायला लागेल. आम्ही दोघीच आहोत आज.”

ताईनं काचेकडे पाहिलं. मग म्हणाली, “बाहेर भाऊ आहे.”

छोटू आला. नर्सनं त्याचा अंगठा धरून जागेवर ठेवला. “फार जोरात नको, नाहीतर नस बंद पडेल. फार हलकं नको, नाहीतर रक्त येईल. आपल्याला बोटाखाली कळतं.” आणि ती पुढच्या खुर्चीकडे गेली.

त्यानं अंगठा दाबला. त्याखाली ताईच्या हातातला भुंगा घुमत होता. छोटूनं तो यापूर्वी कधी हात लावून पाहिला नव्हता. त्याचा चेहरा उतरला.

“हे असं सारखंच असतं?”

“सारखंच.”

तो दाब कमी-जास्त करत राहिला, मग एका जागी ठरला. कापूस थोडासा लाल झाला आणि तिथंच थांबला.

“घरी कळवायला हवं,” तो म्हणाला. “वाट बघत असतील.”

एरवी ताईनं तोवर फोन लावलाही असता. सगळं सांगून, सगळ्यांची समजूत काढून, वर दोन विनोदही केले असते. वैद्यकीय कारण म्हणाली असती. तिनं तोंड भिंतीकडे वळवलं.

“कळव,” ती म्हणाली.

छोटूनं अंगठा न काढता दुसऱ्या हातानं खिशातून फोन काढला आणि नंबर लावला. पलीकडे एकाच घंटेत उचलला गेला. ताईच्या नवऱ्याचा आवाज तिला स्पष्ट ऐकू आला, घाईचा, आनंदात असल्यासारखा: “काय रे, झालं का सगळं? कधी दाखल करतायत?”

छोटूनं श्वास घेतला. ताईनं ओठ घट्ट मिटले.

“भावोजी,” तो म्हणाला, “ताई बरी आहे. माझ्यापाशीच आहे. आम्ही उद्या परत येतोय. माझं ऐकून घ्या, आणि आल्यावर काय बोलायचं ते मला बोला, तिला नको.”